विश्वेश्वरय्या : सिंधूची वाळू, खडकवासल्याचे दरवाजे आणि शहराचं सांडपाणी

15 सप्टेंबर आला की अभियंता दिन येतो. तालुक्याच्या ठिकाणी पाटबंधारे कार्यालयात पगडीवाल्या साहेबांच्या फोटोला हार पडतो, दोन भाषणं होतात, पेढे वाटले जातात. संध्याकाळी आम्ही बातमीदार चार ओळींची बातमी टाकतो, अभियंता दिन उत्साहात साजरा. मीही दहा-बारा वर्षं तीच बातमी टाकत आलो. नावाचं स्पेलिंग दरवर्षी चुकतं, ते वेगळंच.

यंदा मात्र जरा सविस्तर लिहावं वाटलं. कारण सध्या आपल्या भागात पारावर, सलूनमध्ये, दूध संकलन केंद्रावर एकच विषय चालू आहे. शहराला धरणातलं पाणी वाढवून द्यायचं आणि शहरानं वापरलेलं पाणी शुद्ध करून आपल्या कालव्यात सोडायचं. काहीजण म्हणतात पाणी ते पाणी, उसाला काय कळतंय. काहीजण म्हणतात आमची विहीर कालव्याच्या पाझरावर आहे, आम्ही तेच पितो. दोघांचंही खरं आहे. या भांडणाच्या मुळाशी जायचं तर फोटोतल्या त्या माणसापाशी जावंच लागतं. आपल्या धरणावर, आपल्या कालव्यावर आणि शहरांच्या पिण्याच्या पाण्यावर त्यानं आयुष्याची उमेदीची वर्षं घातली आहेत, तीही बरीचशी आपल्याच पुणे जिल्ह्यात.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे मूळचे म्हैसूर संस्थानातले. गाव मुद्देनहळ्ळी, चिक्कबळ्ळापूरजवळ. तेव्हा ते कोलार जिल्ह्यात मोडायचं. वडील संस्कृतचे विद्वान, पण घरची परिस्थिती बेताची, आणि मुलगा लहान असतानाच वडील वारले. शिकायला बंगळूरला आले ते शिकवण्या घेत घेत. 1881 साली बी.ए. झाले. तिथून म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती घेऊन हा मुलगा पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आला, म्हणजे आजचं सीओईपी. 1883 च्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिला आला. पहिल्या येणाऱ्याला सरकारी नोकरी ठरलेली असायची. 1884 मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले. वय विशीच्या जरा पुढं.

पहिली नेमणूक नाशिक-खानदेशात. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात दातर्ती नावाचं गाव आहे, पांझरा नदीच्या खोऱ्यात. तिथं पाटाचं पाणी पाइपातून सायफन करून पलीकडं न्यायचं काम या नवख्या पोराकडं आलं. पावसाळ्याचे दिवस, पूर आला, काम अडलं. त्यानं वरच्या साहेबाला कळवलं की पावसाळा सरल्यावर हे काम धरलं तर बरं. साहेबाला ते आवडलं नाही. नवीन माणूस काम टाळतोय अशी भावना झाली. मग त्यानंही हट्ट सोडला आणि त्याच पावसाळ्यात काम तडीला नेलं. पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धत फार जुनी आहे. बंधारा गावानं सांभाळायचा, शिवाराचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी पाळीनं फिरवायचं. पुढं आपल्या नीरेच्या कालव्यावर त्यांनी जी ब्लॉक पद्धत आणली ती बघितली की मला फड आठवतो. त्यांच्या डोक्यात तोच होता की नाही हे मी सांगू शकत नाही. पण पाण्याची पहिली नोकरी त्यांनी फडाच्या खोऱ्यात केली, एवढं खरं.

सिंधूच्या गाळातून नितळ पाणी

आता खरी गोष्ट. सिंध प्रांत तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. सिंधू नदीच्या काठी सक्कर नावाचं शहर. आज ते पाकिस्तानात आहे. तिथल्या नगरपालिकेला नळाचं पाणी करायचं होतं. पाण्याला तोटा नव्हता, दाराशी सिंधू वाहत होती. पण सिंधूचं पाणी म्हणजे गढूळ, चहाच्या रंगाचं. भांड्यात घेऊन ठेवलं तर तळाला गाळ बसणार. अशा पाण्यासाठी तेव्हाचा उपाय म्हणजे वाळूचे मोठे फिल्टर बांधायचे. मोठाल्या टाक्यांमध्ये बारीक वाळूचा थर, त्यातून पाणी हळूहळू खाली उतरू द्यायचं. पण त्याला पैसा लागतो आणि सक्करच्या नगरपालिकेकडं तेवढा नव्हता. सक्करचा उन्हाळाही असा की तिथं जायला माणसं धजायची नाहीत. विश्वेश्वरय्यांना पाठवलं.

त्यांनी काय केलं, तर नदीच्या पात्रातच काठाजवळ विहीर घेतली. पुढं पाणी कमी पडू नये म्हणून त्या विहिरीपासून नदीच्या तळाखालून बोगदा काढला. नदीचं पाणी वरून वाहतंय, खाली वाळूचा जाड थर, त्यातून झिरपत झिरपत ते बोगद्यात येणार, बोगद्यातून विहिरीत. विहिरीत येईपर्यंत गाळ वाळूतच राहिला. तिथून पंपानं टेकडीवरच्या टाकीत चढवायचं आणि उतारानं शहरात सोडायचं. वेगळा फिल्टर बांधायचीच गरज उरली नाही. नदीच फिल्टर झाली. 1895 मध्ये हे काम पुरं झालं.

हे वाचून आपल्या गावातली म्हातारी माणसं म्हणतील, यात नवीन ते काय, आम्ही झिरे खोदत होतोच की. बरोबर आहे. उन्हाळ्यात भीमेच्या वाळूत हात-दोन हात खड्डा घेतला की वाटीनं भरावं असं गार, नितळ पाणी यायचं. माझी आई चुलत्यांच्या घरच्या बायकांबरोबर झिऱ्यावर जायची, हे मी लहानपणी बघितलंय. शेजारून वाहणारं नदीचं पाणी सोडून बायका वाळूतलं पाणी का भरायच्या, याचं शास्त्र सक्करच्या बोगद्यात आहे. फरक एवढाच की त्या माणसानं झिऱ्याला शहराएवढं मोठं केलं, त्याचा हिशोब मांडला, किती फूट वाळूतून दिवसाला किती पाणी येतं हे मोजलं. आज आपल्या नदीत झिरा काढायचा म्हटलं तर वाळूच शिल्लक नाही. ती ट्रकात भरून कुठं गेली हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर या पोर्टलवर बऱ्याच बातम्या झाल्यात.

वाळूतून गाळलेलं पाणी नुसतं दिसायला स्वच्छ असतं की खरंच सुरक्षित असतं, हा प्रश्न त्या काळात जगभर चर्चेत होता. सक्करच्या आधी तीनच वर्षं, 1892 साली जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात पटकीची मोठी साथ आली. आठ हजारांच्या वर माणसं गेली. हॅम्बुर्गला लागूनच आल्टोना नावाचं गाव होतं, मध्ये नुसता रस्ता. दोन्ही गावं एकाच एल्ब नदीचं पाणी पीत होती. उलट आल्टोना खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची घाण मिसळलेलं पाणी त्यांच्या वाट्याला यायचं. तरी आल्टोना बऱ्यापैकी वाचलं. कारण आल्टोनाचं पाणी वाळूच्या फिल्टरमधून जात होतं आणि हॅम्बुर्ग पाणी न गाळता तसंच पुरवत होतं. वाळूच्या वरच्या थरावर चिकट साय धरते, त्यात जंतू अडकतात आणि मरतात. रॉबर्ट कॉख या शास्त्रज्ञानं यावरून पाण्यात जंतू किती चालतील याचं मोजमाप सांगितलं. पाणी डोळ्यानं न बघता आकड्यानं बघायची सवय इथून लागली.

पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण ती पुढं आपल्या कामाची आहे. वाळू गाळ अडवते, बरेचसे जंतू अडवते. पाण्यात विरघळलेलं मीठ, नायट्रेट, साबणाचा सोडा, कारखान्याचं रसायन वाळू अडवत नाही. सिंधूच्या पाण्यात गाळ होता, म्हणून सक्करची युक्ती लागू पडली. गटाराच्या पाण्याला तीच युक्ती जशीच्या तशी लावता येत नाही.

पुणे, मुठा आणि नीरा

1899 मध्ये विश्वेश्वरय्या पुण्यात पाटबंधाऱ्याचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर झाले. खडकवासल्याचं धरण तेव्हा वीसेक वर्षांचं होतं, इंग्रज त्याला लेक फाइफ म्हणायचे. त्या एका तलावावर पुणे शहर, खडकीची छावणी आणि मुठेच्या कालव्यावरची शेती, तिन्ही. म्हणजे आज जे भांडण आहे ते तेव्हापासून आहे. शहर पिणार, शेतकरी भिजवणार आणि पाणी एकच.

पावसाळ्यात धरण भरलं की जादाचं पाणी सांडव्यावरून सहा-आठ फूट जाडीनं वाहून जायचं आणि उन्हाळ्यात मात्र बोंब. धरणाची भिंत उंच करायला खर्च मोठा. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर लोखंडी दरवाजे बसवायची कल्पना काढली. दरवाजे असे की माणूस लागत नाही. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की पाण्याच्याच जोरावर आणि समोर टांगलेल्या वजनाच्या तोलावर ते आपोआप उघडतात, पूर उतरला की आपोआप बंद होतात. त्यामुळं तलावात आठ फूट जास्त पाणी साठवता येऊ लागलं. 1903 च्या सुमारास ते बसले. त्यांचं पेटंटही त्यांच्या नावावर होतं, पण सरकारी नोकरीत असताना केलेलं काम म्हणून त्यांनी त्यावर पैसे घेतले नाहीत. पुढं ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर याच जातीचे दरवाजे बसले.

दुसरं काम कालव्याचं. नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास सुरू झालेला, मागं भाटघरचं धरण. कालव्याच्या तोंडाशी असलेले शेतकरी वाट्टेल तेवढं पाणी घ्यायचे, ऊस तुडुंब भिजवायचे. टेलला पाणी पोचायचंच नाही. वरच्यांची जमीन पाण्यानं फुगून खारवटायला लागली आणि खालच्यांची कोरडी. विश्वेश्वरय्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, पाळी लावली, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या चारीला पाणी. दोन, ब्लॉक. कालव्याखालचं शिवार तुकड्यांत वाटायचं, एका ब्लॉकमध्ये साधारण तिसरा हिस्साच उसासारख्या बारमाही पिकाला, बाकी हंगामी पिकं, आणि पाण्याचा करार काही वर्षांसाठी पक्का करायचा. शेतकऱ्यांनी सुरुवातीला विरोध केला. कोण नाही करणार? इतकी वर्षं फुकट भिजवलेलं पाणी कोणी मोजून द्यायला लागला की राग येतोच. 1901 साली देशाचं सिंचन आयोग आलं तेव्हा त्यांनी ही पद्धत आयोगापुढंही मांडली.

बारामती-इंदापूरकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी ब्लॉक शब्द अजून आहे. आमचे आजोबा जमिनीची किंमत सांगताना ती ब्लॉकची का बिगरब्लॉकची हे आधी सांगायचे. मी स्वतः टेलचा शेतकरी आहे. आवर्तन सुटल्याचा मेसेज ग्रुपवर पडतो आणि पाणी माझ्या चारीत येईपर्यंत आठ-दहा दिवस जातात, कधी येतही नाही. सव्वाशे वर्षांमागं एका इंजिनिअरनं टेलच्या माणसाचा विचार केला होता हे वाचलं तेव्हा मला त्यांच्याबद्दल जास्त आपुलकी वाटली, खोटं कशाला बोलू.

1904 मध्ये त्यांना मुंबई सरकारचे सॅनिटरी इंजिनिअर केलं. या जागेवर बसलेला तो पहिला भारतीय. काम म्हणजे शहरोशहरी पिण्याचं पाणी आणि गटारं बघायची. ही दोन खाती त्यांनी कधी वेगळी धरली नाहीत. शहरात जेवढं पाणी आणाल त्यातलं बहुतेक घाण होऊन बाहेर पडणार, मग ते कुठं जाणार याचा नकाशा आधी काढा, अशी त्यांची कामाची रीत होती. आजही सरकारी नियोजनात हिशोब हाच आहे. भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर येतं असं गृहीत धरतात. खेडेगावाला नळयोजनेत माणशी 55 लिटर. हा फरक का, हे मला अजून कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

1906 मध्ये त्यांना एडनला पाठवलं. अरबस्तानच्या टोकाचं हे बंदर तेव्हा मुंबई सरकारच्या ताब्यात होतं. पाऊस जवळपास नाही. समुद्राचं पाणी उकळून, वाफ थंड करून प्यायचं, ते भयंकर महाग. विश्वेश्वरय्या आत डोंगरांकडं गेले. लाहेजच्या बाजूला पाऊस बरा पडतो, तिथली नदी कोरडी दिसते पण पात्राखाली वाळूत पाणी मुरलेलं असतं, हे त्यांनी हेरलं. तिथं विहिरी घेऊन पाणी एडनला आणावं असा अहवाल दिला. पुन्हा झिराच! आणि सोबत एडनच्या गटारांचीही योजना. याच सुमारास त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळालं.

1908 मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी स्वतःहून सोडली. सगळ्यात वरची जागा भारतीय माणसाला मिळणार नाही हे दिसत होतं. त्याच साली अमेरिकेत जर्सी सिटी या शहराच्या नळाच्या पाण्यात नेमानं क्लोरीन टाकायला सुरुवात झाली. आज आपल्या गावच्या टाकीत शिपाई टीसीएल पावडर टाकतो त्याचा उगम तिथला. विश्वेश्वरय्यांनी सक्कर आणि एडनची कामं केली ती या सोयीच्या आधी, नुसत्या वाळूच्या आणि पाण्याच्या उगमाच्या भरवशावर. म्हणून तर पाणी कुठून घ्यायचं यावर त्यांचा एवढा भर असायचा.

मुसी नदीचा पूर

नोकरी सोडून ते परदेशात फिरत होते. तिकडं असतानाच हैदराबादच्या निजामाचा निरोप गेला. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीला असा पूर आला की हजारो माणसं वाहून गेली. आपल्या मराठवाड्याचीही राजधानी तेव्हा हैदराबादच, त्यामुळं लातूर-बीडकडच्या जुन्या घरांत या पुराच्या आठवणी निघायच्या. 1909 मध्ये विश्वेश्वरय्या तिथं पोचले. मुसीच्या वरच्या खोऱ्यात सातशेच्या वर लहान-मोठी तळी होती, त्यातली दोनशेहून जास्त त्या पावसात फुटली होती. एक फुटलं की त्याचं पाणी खालच्यावर, ते फुटलं की त्याच्या खालच्यावर. शहरावर आला तो नुसता पाऊस नव्हता.

त्यांनी नदीच्या वरच्या अंगाला दोन मोठी धरणं सुचवली. पूरही अडेल आणि शहराला प्यायला पाणीही मिळेल. मुसीवरचं उस्मानसागर 1920 मध्ये झालं, ईसी नदीवरचं हिमायतसागर 1927 मध्ये. त्यानंतर 1920-30 च्या काळात ते पुन्हा हैदराबादला गेले ते भुयारी गटारांसाठी. घराघरातलं पाणी नळ्यांनी गोळा करून शहराच्या खालच्या अंगाला, अंबरपेठच्या बाजूला न्यायचं. पिण्याचं पाणी वरच्या अंगाला, घाण खालच्या अंगाला, मध्ये शहर. साधी गोष्ट वाटते. पण आज किती गावांत जॅकवेल गटाराच्या खाली आहे ते जाऊन बघा.

पण खालच्या अंगाला कोण राहतं? शेतकरी राहतो. मुसीच्या काठानं हैदराबादच्या खाली मैलोन्मैल शहराच्या सांडपाण्यावर भात आणि जनावरांचं पॅरा गवत पिकतं. पाणी बारा महिने येतं, दुष्काळातही थांबत नाही, वर खताचा अंश असतो, म्हणून शेतकऱ्यांनी ते धरलं. पण त्याचबरोबर मीठ येतं, पायाला खाज येते, पोटात जंत होतात आणि विहिरीचं पाणी प्यायच्या लायकीचं राहत नाही. या भागावर अभ्यासकांनी पुष्कळ काम केलंय. विश्वेश्वरय्यांच्या वेळचं हैदराबाद चार-पाच लाखांचं होतं. शहर वाढलं पण सांडपाणी धुवून काढायची सोय त्या मानानं वाढली नाही. याचं खापर त्यांच्यावर फोडता येणार नाही. तरी मला वाटतं, त्यांच्या पिढीच्या सगळ्याच इंजिनिअरांचं लक्ष शहराच्या वेशीपर्यंत जास्त होतं. वेशीबाहेर गेलेलं पाणी शेतात जिरेल, नदी पुढं नेईल, असं धरून चालायचे. तेव्हा ते खरंही होतं. साबणाची पावडर आणि कारखान्याचं रसायन पाण्यात नव्हतं.

म्हैसूरची कारकीर्द सगळ्यांना माहीत आहे म्हणून थोडक्यात सांगतो. 1909 मध्ये म्हैसूरचे चीफ इंजिनिअर, 1912 ते 1918 दिवाण. कृष्णराजसागर धरण, म्हैसूर बँक, विद्यापीठ, भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना, चंदनाचा साबण. 1915 मध्ये सर ही पदवी, 1955 मध्ये भारतरत्न. बंगळूरच्या पाण्यासाठी अर्कावती नदीवर तिप्पगोंडनहळ्ळीचा तलाव 1933 मध्ये झाला तो त्यांच्याच सल्ल्यानं. पुढं अर्कावतीत वरच्या अंगाला वस्त्या आणि कारखाने वाढले, पाणी आटलं, जे आलं ते घाण आलं आणि शेवटी त्या तलावातून शहराला पाणी घेणं थांबवावं लागलं. उगम स्वच्छ ठेवला नाही की नंतर कितीही मोठी मशीन आणा, भागत नाही.

12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यात खडकवासल्याचं धरणही फुटलं. पुण्यात काय झालं ते आपण घरोघर ऐकलेलं आहे. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते, बंगळूरला, शंभरीच्या उंबऱ्यावर. तारुण्यात ज्या सांडव्यावर त्यांनी दरवाजे बसवले ते धरण त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं. त्यानंतर वर्षाच्या आतच, एप्रिल 1962 मध्ये ते वारले. वयाची शंभरी ओलांडली होती. अंत्यसंस्कार मुद्देनहळ्ळीला, जन्मगावीच झाले, समाधी तिथंच आहे.

आता आपल्या कालव्याकडं येऊ. खडकवासला पुन्हा बांधलं, वर पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून चार धरणांत सुमारे 29 टीएमसी पाणी मावतं. शहर वाढत गेलं तसा त्याचा वाटा वाढत गेला. त्या बदल्यात वापरलेलं पाणी शुद्ध करून शेतीला द्यायचं हे धोरण ठरलं, ते मुळात चुकीचं नाही. इस्रायलसारख्या देशात शेतीचं बरंच पाणी असंच येतं. प्रश्न किती शुद्ध, हा आहे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक वेगळं आहे, शेतीच्या पाण्याचं वेगळं. पिण्याच्या पाण्यात 100 मिलिलिटरमध्ये विष्ठेतला ई-कोलाय जंतू एकही चालत नाही, नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, विरघळलेले क्षार 500 पर्यंत असावेत, दुसरा पर्यायच नसेल तर 2000 पर्यंत. शेतीच्या पाण्याला क्षार, सोडियम आणि बोरॉन बघतात, नायट्रेटचं तिथं कोणी एवढं मनावर घेत नाही. मेथी, कोथिंबीर, काकडी असं कच्चं खायचं काही पिकवत असाल तर जंतूंची मर्यादा पुन्हा कडक होते. कागदावर हे दोन वेगळे रकाने आहेत. आपल्या शिवारात मात्र कालव्याचं पाणी चारीत, चारीचं पाझरून विहिरीत आणि विहिरीतलं घागरीत जातं. दोन्ही रकाने एकच होतात.

माझ्या शेताच्या वरच्या अंगानं एक ओढा येतो, त्यात एका गावाचं गटार मिसळतं. गावाचं नाव घेत नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या विहिरीचं पाणी दिसायला काचेसारखं होतं. तपासलं तर नायट्रेट मर्यादेच्या वर निघालं. दिसण्यावर जाऊन आम्ही कित्येक वर्षं तेच पीत होतो, घरात लहान बाळ असतानाही. नायट्रेटचा त्रास तान्ह्या बाळांना सगळ्यात जास्त होतो हे मला नंतर कळलं. तेव्हापासून प्यायला पाणी लांबून आणतो आणि ती विहीर नुसती मक्याला चालते. तुमच्या गावातही जलसुरक्षक असतो, तो नमुने घेऊन प्रयोगशाळेत देतो. तुमच्या विहिरीचा अहवाल ग्रामपंचायतीत मागा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, दोनदा.

शेवटी एक माहिती, जी मला हा मजकूर लिहिताना सगळ्यात जास्त लागली. मुद्देनहळ्ळी आता चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात आहे. कोलार आणि चिक्कबळ्ळापूर हे कर्नाटकातले कायम दुष्काळी भाग, बोअर हजार-हजार फुटांवर गेलेल्या. तिथं गेल्या काही वर्षांत बंगळूर शहराचं सांडपाणी दोन टप्प्यांत शुद्ध करून गावतळ्यांत सोडतात. कोलारच्या योजनेची क्षमता दिवसाला 44 कोटी लिटर. तळ्यांतून ते जमिनीत मुरावं आणि विहिरी-बोअरना पाणी यावं, ही कल्पना. विहिरी वर आल्या, भाजीपाला वाढला, हे तिथले शेतकरीही कबूल करतात. पण सुरुवातीला एका तळ्यात पांढरा फेस आला, लोक बिथरले, प्रकरण 2018 मध्ये उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं, मध्ये काही काळ पाणी बंदही होतं. मग पुन्हा सुरू झालं. शेतकरी संघटनांची मागणी आहे की तिसऱ्या टप्प्याचं शुद्धीकरण करा. सरकारचं म्हणणं की तळ्यात थांबून आणि मातीतून मुरून जाताना पाणी आपोआप गाळलं जातं, तेवढं पुरे. मातीतून काय गाळलं जातं आणि काय जात नाही, ते वर सक्करच्या गोष्टीत आलंच आहे. विश्वेश्वरय्यांची समाधी आहे त्याच जिल्ह्यातले शेतकरी ही मागणी घेऊन अजून भांडत आहेत.